सत्तावीस नंबरचा राखाडी

मला राग पटकन येतो, हे आमच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. राग आला की माझे कान लाल होतात, असंही म्हणतात. होत असतील. मला आरशात बघूनही त्याची खात्री करता आलेली नाही, कारण लाल म्हणजे नक्की काय, हे मला आयुष्यात कधी दिसलेलं नाही.

लाल आणि हिरवा हे दोन रंग मला एकाच मळकट जातीचे दिसतात. निळा दिसतो, पिवळा दिसतो, काळा-पांढरा दिसतो. एवढ्या भांडवलावर माणूस सुतार होऊ शकतो, स्वयंपाकी होऊ शकतो, वकील तर नक्कीच होऊ शकतो. मी झालो वायरमन. आमच्या धंद्यात लाल तार करंटची आणि हिरवी अर्थिंगची. त्यांची अदलाबदल झाली तर यंत्राच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि त्या पत्र्याला हात लावणारा माणूस पुन्हा कशालाच हात लावत नाही.

मग परीक्षा पास कसा झालात, असं कुणीही विचारेल. परीक्षेत लाकडी फळीवर तारा ठरलेल्या क्रमाने लावलेल्या असत. मी क्रम पाठ केला. डोळे तपासणाऱ्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती मी अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. रंगांचं कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. एक माझी बायको. तिने लग्नानंतर महिन्याभरात ओळखलं आणि तेव्हापासून मला पांढरे किंवा निळेच शर्ट आणते. लोक मला साधा माणूस समजतात. दुसरा म्हणजे बॅटरी.

बॅटरी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गोदामात पोती उचलून कंटाळला होता, म्हणून माझ्या हाताखाली आला. तेव्हा मी एकटाच कामं घ्यायचो, टेस्टरच्या जोरावर आणि देवाच्या भरवशावर. त्याला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं काम एकच, अंधारात बॅटरी धरायची. त्यावरून हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं, की त्याची बायकोसुद्धा फोनवर "बॅटरी आहेत का?" असं विचारते.

आठव्या दिवशी आम्ही एका लॉन्ड्रीत मोठं धुलाई यंत्र जोडत होतो. यंत्रामागे एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. मी पोटावर पडून डाव्या हातातली तार यंत्राच्या पत्र्याला आवळायला घेतली होती. बॅटरीचा उजेड जरासा हलला. मग वरून आवाज आला, अगदी साधा, किती वाजले सांगावं तसा. "लाल तुझ्या डाव्या हाताला आहे. हिरवी उजव्या."

मी थांबलो. हातातल्या तारा बदलल्या. त्या यंत्रावर रोज सकाळी दोन बायका ओल्या हातांनी काम करणार होत्या. त्या आत्ता पलीकडे बसून चादरींच्या घड्या घालत होत्या आणि कुठल्यातरी विहिणीची टिंगल करत होत्या. माझे तळहात घामाने इतके भिजले, की पक्कड निसटून पडली. आता हा विचारणार, असं मला वाटलं. आता विचारेल, बाहेर जाऊन सांगेल, उद्या बाजारभर होईल. तो म्हणाला, "बारका पाना देऊ का?"

बस, एवढंच. त्या दिवसापासून मी तारेला हात लावायच्या आधी तो रंग बोलायचा आणि मी तो पुन्हा म्हणायचो. "लाल, डावी." "लाल, डावी." मग जोडायचं. त्याने कधी कारण विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. माझ्या बॅटरीने राखल्या.

पुढे कामं वाढली, माणसं वाढली. नव्या माणसांनी आमचं बघून तेच उचललं. प्रत्येक कामाला दोघं जाणार, एक रंग बोलणार, दुसरा तो पुन्हा म्हणणार, मगच हात लावणार. त्यांना वाटलं, ही मालकांची शिस्त. बाकीचे कंत्राटदार हसायचे, म्हणायचे, यांची माणसं कामावर येऊन पाढे म्हणतात. पण एकतीस वर्षांत आमच्या हातून एक अपघात नाही. मग हसणारेच वाखाणायला लागले. आमच्या संघटनेने मला व्यासपीठावर बोलावून सुरक्षिततेचं प्रशस्तिपत्र दिलं, काचेच्या चौकटीत. अध्यक्ष म्हणाले, असा द्रष्टा माणूस विरळा. समोर तिसऱ्या रांगेत बसून बॅटरी टाळ्या वाजवत होता. मी खाली उतरून त्याचे आभार मानायला हवे होते. पण आभार मानायचे तर आधी कबूल करायला हवं, म्हणून मी त्या दिवशी त्याच्यावरच चिडलो, की माझी छत्री कुठे ठेवलीस.

आता गाड्यांकडे येतो.

आमच्या गाड्या पहिल्यापासून पांढऱ्या. पांढऱ्यात माझी चूक व्हायची सोयच नव्हती. पण पांढऱ्या व्हॅन जगात फार झाल्या आहेत. मागच्या वर्षी आमच्या माणसांनी एका इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत शिडी, ड्रिल आणि वायरची दोन बंडलं नीट रचून ठेवली, आणि ती गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ती पाववाल्याची होती. सामान संध्याकाळी परत आलं, पण ड्रिल चालू केलं की आठवडाभर मैदा उडायचा.

तेव्हाच माझ्या मुलीने ठरवलं असणार. ती सहा वर्षांपासून ऑफिस बघते. तिला सगळे साहेब म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता घाबरून म्हणतात. एका सकाळी तिने मला आत बोलावलं. टेबलापाशी एक चष्मेवाली तरुण बाई बसली होती, पुढ्यात पत्त्यांच्या जाड कॅटसारखी रंगांची कार्डं.

"बाबा, पाच नव्या गाड्या येतायत," मुलगी म्हणाली. "जुन्या काढायच्या. या बाई गाड्यांचं सगळं करून देणार. नाव, अक्षरं, मागच्या दारावर आपलं ब्रीदवाक्य. ते मी ठरवलंय. दोघं बघतो, मगच जोडतो."

"चांगलं आहे," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

"आता रंग. तो तुम्ही निवडायचा."

"मी?"

"मी नाही, या नाहीत, कुणी नाही. एवढी वर्षं तुम्ही लोकांच्या भिंतीत लपणारी कामं केलीत. एकदा तरी तुमच्या आवडीचा रंग रस्त्यावरून फिरू दे. माझ्याकडून भेट समजा."

तिने हे इतक्या प्रेमाने म्हटलं, की मला धड चिडताही येईना. चाळीस कार्डं टेबलावर पसरली होती. त्यातली निम्मी मला एकाच आईची लेकरं दिसत होती. रंगवाली म्हणाली, "बघताक्षणी जो मनात भरेल तो." माझ्या मनात फक्त पळून जायचं भरलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या, घाईत निवडण्याची गोष्ट नाही. कार्डं गोळा केली आणि सरळ अंगणात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये मागच्या दाराने चढलो. बॅटरी तिथेच चहा पीत होता.

आमची खासगी बोलणी व्हॅनमध्येच होतात. एका बाजूला पाइप, एका बाजूला वायरची भेंडोळी, मधे दोन उलटे डबे. मी डब्यावर बसलो आणि एकेक कार्ड पुढे करायला लागलो. काही विचारलं नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि तारांचे रंग बोलावेत तसा बोलायला लागला. "तांबडा, भडक. पोपटी, नको, पोरकट वाटेल. विटकरी. हिरवा, बाटलीचा असतो तो." मी मागून म्हणत होतो. "तांबडा. पोपटी. विटकरी."

सत्तावीस नंबरचं कार्ड त्याने हातात घेतलं. दाराशी जाऊन उजेडात धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. मला वाटलं, गांभीर्याने घेतोय. "राखाडी," तो म्हणाला. "जुन्या शाळेत दगडी पाटी असायची ना, तसा. सभ्य रंग आहे. मळ दिसणार नाही."

मला ते कार्ड निळं दिसत होतं. चक्क निळं. गडद, भरलेलं. आणि निळ्याच्या बाबतीत माझे डोळे मला कधी दगा देत नाहीत. पण एकतीस वर्षं ज्याच्या शब्दावर मी लोकांच्या घरात करंट सोडला, त्याच्यापुढे माझ्या डोळ्यांची काय पत? "राखाडी," मी म्हटलं आणि कार्ड खिशात घातलं.

मुलीने कार्ड बघितलं, नंबर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, नक्की?"

"नक्की. सभ्य रंग आहे."

"सभ्य?"

"मळ दिसणार नाही."

ती आणि रंगवाली एकमेकींकडे बघून हसल्या. मुलगी उठून माझ्या गळ्यात पडली. "मला वाटलं, तुम्ही राखाडी-बिखाडी काहीतरी निवडाल." मी म्हटलं, अगदीच तसा काही मी नाही. तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही, पण ती खूश होती आणि विषय संपला होता. मला दोन्ही पुरेसं होतं.

महिन्याभराने गाड्या आल्या. सकाळच्या हजेरीला बावीस माणसं अंगणात उभी, आणि पाच गाड्या एकामागून एक फाटकातून आत शिरल्या. पहिली आत आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसरी आली तेव्हा स्टोअर सांभाळणारी बाई, जिची जीभ कात्रीला धार लावेल, ती म्हणाली, "अगंबाई, जांभळ्या. वायरिंगला चाललोय की वरातीला?"

जांभळ्या. मी तो शब्द ऐकला आणि बॅटरीकडे बघितलं.

तो पुढे गेला होता. पहिल्या गाडीच्या दारावरून त्याने हात फिरवला, दोन पावलं मागे आला, मान तिरकी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छान. राखाडी चांगला खुललाय."

अंगणात हशा पिकला. स्टोअरवालीने तर पदराने डोळे पुसले. बॅटरीची थट्टा करायची पद्धतच तशी, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. सगळे हसतायत बघून तोही हसला, जरासा उशिरा. त्या बावीस माणसांत मला एकट्यालाच कळलं होतं, की तो थट्टा करत नव्हता.

मी त्याला दंडाला धरून जुन्या व्हॅनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बॅटरी, माझ्याशी नाटकं करू नकोस. ती गाडी जांभळी आहे. सगळं अंगण सांगतंय."

तो डब्यावर बसला. शेजारचा एक पाइप उगाच सरळ केला. मग म्हणाला, "दीड वर्ष झालं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. सगळ्यावर चहा सांडल्यासारखं दिसतं. लाल-हिरवी दिसते मला, शपथेवर सांगतो, त्यात चूक नाही. तरी मी टेस्टर तीनदा लावतो. ते निळं-जांभळं मात्र गेलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. आधी एक डोळा, मग महिन्याने दुसरा. दोन महिने शिडी नाही, धूळ नाही, काम नाही."

"मग दीड वर्ष काय अंडी उबवत होतास?"

माझा आवाज चढला होता, कान तापले होते. तो शांतच. तो नेहमी शांत असतो, म्हणून मला जास्त राग येतो. त्याने हात झटकले, धूळ नव्हती तरी. "दोन महिने तुझ्याबरोबर कोण उभं राहणार होतं?"

एकतीस वर्षांत या गोष्टीच्या इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. मी राग शोधत होतो आणि मला तो सापडत नव्हता. हा माणूस दीड वर्ष स्वतःचे डोळे विझू देत होता, का, तर माझी झाकलेली मूठ उघडू नये. आणि मी मात्र मनात निळा म्हणून तोंडाने राखाडी म्हणालो होतो. दोन शहाणे एका कार्डापुढे बसले आणि दोघांनी मिळून पाच गाड्या जांभळ्या केल्या.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," मी म्हणालो.

"तू आधी सोय कर. मग जातो."

सोय एकच होती. ती मी एकतीस वर्षं टाळत आलो होतो. लायसन्स माझ्या नावावर, इज्जत माझ्या नावावर, भिंतीवरची काचेची चौकट माझ्या नावावर. मी व्हॅनमधून उतरलो. ऑफिसपर्यंत वीस पावलं असतील, पण मी मधे थांबून उगाच एका गाडीचा टायर दाबून बघितला.

मुलगी फोनवर होती. तिने हाताने बसा म्हटलं. मी बसलो नाही. तिने फोन ठेवला, तेव्हा मी म्हटलं, "मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून. तुझा बॅटरीकाका मला रंग सांगतो, म्हणून मी आजवर हे काम केलं. दोघांनी बघायचं ही माझी शिस्त नाही. माझी अडचण आहे, आणि त्याचा उपकार आहे. आता त्याला मोतीबिंदू झालाय, आणि माझ्यासाठी तो दीड वर्ष ऑपरेशन टाळतोय."

तिने पेन बंद केलं, उघडलं. मग एकदम म्हणाली, "कुणाच्या घरात काही झालं असतं तर?"

"म्हणूनच तर तो होता."

"आणि तो आजारी पडला असता तर? तुम्ही एकटे गेला असता?"

"नाही. तो नसेल त्या दिवशी मी पाठदुखीचं निमित्त काढायचो. दुसऱ्या कुणाबरोबर गेलो असतो, तर कधीतरी रंग बोलायची पाळी माझ्यावर आली असती."

"तुमची पाठदुखी," ती म्हणाली. लहानपणापासून तिने माझ्या पाठीला किती मलमं चोळली असतील त्याचा हिशेब नाही. तिचा चेहरा रागाने घट्ट झाला होता. ती माझीच मुलगी आहे. मी वाट बघत उभा राहिलो, कारण तो राग माझ्या हक्काचा होता.

मग तिने विचारलं, "माझी पहिली सायकल कुठल्या रंगाची होती?"

"लाल. सीटही लाल. दुकानात तुझ्या काकाला घेऊन गेलो होतो."

"मी शाळेत चित्र काढलं होतं. तुम्ही म्हणालात, झाडं किती हिरवीगार काढलीस, आणि हे एकच पान लाल ठेवलंस ते फार छान. सगळ्या वर्गात ते पान कुणाला दिसलं नव्हतं, बाईंनासुद्धा. मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, की माझ्या बाबांना दिसलं."

"तो माझ्या मागे उभा होता," मी म्हणालो. "त्याने हळूच सांगितलं."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर पाच जांभळ्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून बॅटरी चहाचे कप गोळा करत चालला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग नाक पुसून पुन्हा साहेब झाली. "उद्यापासून तुम्ही तारेला हात लावायचा नाही. काकाचं ऑपरेशन या आठवड्यात. आणि तुमचा टेस्टर इथे ठेवा."

खिशातला टेस्टर माझ्या पहिल्या कमाईचा. मूठ झिजून माझ्या अंगठ्याच्या आकाराची झाली आहे. मी तो तिच्या खणात ठेवला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण खण बंद झाल्यावर मला जे हलकं वाटलं, तसं मला तारुण्यातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी चौकट भिंतीवरून काढून अंगणात आणली. मला भाषण येत नाही. मी जे होतं ते सांगितलं, लॉन्ड्रीपासून कालच्या गाड्यांपर्यंत. कुणी हसलं नाही. स्टोअरवाली पहिल्यांदाच गप्प होती. शेवटी मी बॅटरीकडे वळलो आणि म्हणालो, "तुझे आभार मानायला मला एकतीस वर्षं लागली. त्या लॉन्ड्रीतल्या दोन बायका आज कुठे असतील माहीत नाही, पण जिथे असतील तिथे तुझ्यामुळे आहेत. मीही तुझ्यामुळेच आहे. ही चौकट तुझी."

त्याने चौकट उलटसुलट करून बघितली. "आणि घरी खिळा कोण ठोकणार?" तो म्हणाला. पण ती त्याने परत दिली नाही. काखेत धरून दिवसभर फिरला.

ऑपरेशनला मी बरोबर होतो. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून पहिला आठवडा डोळ्यांत थेंब घालायचं काम मी मागून घेतलं. नर्सने दोन बाटल्या दिल्या आणि सांगितलं, "हिरव्या टोपणाची दिवसातून चारदा, लाल टोपणाची दोनदा. अदलाबदल करू नका." बॅटरीने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं इतके हसलो, की नर्सला वाटलं भूल अजून उतरली नाही. मी एका बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. मग रोज त्याच्या उशाशी बसून म्हणायचो, "दोरावाली." तो डोळे मिटून म्हणायचा, "दोरावाली." मगच थेंब.

गाड्यांचा रंग बदलायचा का, असं मुलीने मला एकदा विचारलं. तोवर लोक ऑफिसला फोन करून कंपनीचं नाव घेतच नव्हते. म्हणत, ते जांभळ्या गाडीवाले पाठवा. पाववाल्याचा ड्रायव्हरसुद्धा लांबूनच हात करायला लागला होता. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आठ दिवसांनी त्याला घेऊन मी कंपनीत आलो. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की कुणी तोंड उघडायचं नाही. तो फाटकातून आत आला, गाड्यांसमोर उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

"मालक," तो म्हणाला.

"हं."

"हा जांभळा आहे."

"असं म्हणतात."

"नुसता जांभळा नाही, बेफाम जांभळा आहे. याला मी राखाडी म्हणालो?"

"दगडी पाटी. सभ्य."

तो हसत सुटला. हसता हसता वाकायला लागला, तसा मी त्याचा दंड धरला, कारण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. मग त्याचं हसू थांबलं. त्याने डोळे पुसले, नीट, रुमालाच्या कोपऱ्याने, आणि विचारलं, "तेव्हा तुला कसा दिसला होता?"

"निळा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू राखाडी म्हणालास."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नव्या डोळ्यांनी त्याला माझ्या चेहऱ्यावर काय काय दिसलं असेल, देव जाणे. मग तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि गाडीकडे वळला. "आत्ताही निळाच दिसतो?"

"निळाच."

"निळा बरोबर आहे," बॅटरी म्हणाला. "त्यात थोडा लाल आहे. तेवढा माझ्यावर सोड."

"थोडा लाल," मी म्हटलं.